खाडीचा कारभारी बदलला, तर जुन्या हक्कांचे काय?

प्रश्न : आमचे गाव दाभोळ खाडीच्या काठी आहे. आजोबांच्या वेळेपासून आमच्या होड्या एकाच जागी लागतात आणि बंदर खात्याच्या जुन्या पावत्याही आम्ही जपून ठेवल्या आहेत. पुढे पावतीवर मेरीटाइम बोर्डाचे नाव आले. आता खाडी राष्ट्रीय जलमार्ग झाली असे ऐकतो. इंग्लंडमध्ये राहणारा भाचा म्हणतो की तिकडे सरकारने कालवे एका न्यासाला देऊन टाकले. मग आमची खाडी नेमकी कोणाची आणि आमचा हक्क टिकतो का?
— एक वाचक, तालुका गुहागर

उत्तर : राष्ट्रीय जलमार्ग झाला म्हणजे खाडी केंद्राच्या मालकीची झाली, असे आपल्याकडे अनेकांना वाटते, पण ते बरोबर नाही. १२ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाच्या अनुसूचीत १११ जलमार्ग आहेत. त्यांत दाभोळ खाडी व वाशिष्ठी नदी यांचा क्रमांक २८ असून बाणकोट, राजपुरी आणि जयगड या खाड्याही त्याच यादीत आहेत. परंतु त्या अधिनियमाने केंद्राकडे घेतले आहे ते नियंत्रण, आणि तेही नौवहनाचे नियमन व विकास यांपुरते, म्हणजे १९८५ च्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण अधिनियमाने आखून दिलेल्या मर्यादेत. मालकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० पाहावे लागते. भरतीरेषेखालील खाडीचा तळ आणि नद्यांची पात्रे, इतर कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाची आहेत असे ते कलम सांगते. त्याच कलमात, अशा जमिनीची विल्हेवाट लावताना जाण्यायेण्याची वाट व लोकांचे कायदेशीर रीतीने चालत आलेले इतर हक्क अबाधित राहतील, असेही म्हटले आहे. आपल्या प्रकरणात सर्वांत मोलाचे शब्द हेच आहेत.

मेरीटाइम बोर्ड १९९६ च्या राज्य अधिनियमाने स्थापन झाले आणि लहान बंदरांचा कारभार बंदर खात्याकडून त्याच्याकडे गेला. असा कारभार एका संस्थेकडून दुसरीकडे सोपवताना कायद्याचे खरे काम उद्घाटनाच्या फलकात नसते, ते हस्तांतरणाच्या कलमांत असते. जुने करार, येणी-देणी आणि चालू दावे नव्या संस्थेच्या नावे पुढे चालावेत, आधीच्या परवानग्या मुदत संपेपर्यंत अथवा रीतसर रद्द होईपर्यंत जिवंत राहाव्यात, अशी तरतूद त्यांत केली जाते. मात्र हस्तांतरणाने आधीपासून जे अस्तित्वात होते तेवढेच पुढे जाते. वार्षिक परवान्याचे नूतनीकरण मध्येच थांबले असेल, तर केवळ संस्था बदलली म्हणून मेलेला परवाना उठून उभा राहत नाही. शिवाय पावती ही शुल्क भरल्याचा पुरावा आहे, परवानगीचा नव्हे. हा भेद आपल्याकडे फार लोक विसरतात, आणि अधिकारीही सोयीनुसार विसरतात.

भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ब्रिटनमधील कालवे १९४८ मध्ये राष्ट्रीयीकृत झाले आणि १९६२ च्या परिवहन कायद्याने ब्रिटिश वॉटरवेज ही संस्था निर्माण झाली. २ जुलै २०१२ रोजी तिची इंग्लंड व वेल्समधील कार्ये, २०११ च्या पब्लिक बॉडीज कायद्याखाली संसदेने संमत केलेल्या आदेशाने, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेली. स्कॉटलंडचे कालवे मात्र सार्वजनिक संस्थेकडेच राहिले, त्यामुळे एकाच संस्थेची मालमत्ता दोन्हीकडे विभागावी लागली. 'देऊन टाकले' हा शब्द तेथे लागू पडत नाही, कारण सुमारे ३,२०० किलोमीटरचे ते जाळे ट्रस्टने विश्वस्त म्हणून धारण करायचे आहे, मनास येईल तसे विकायचे नाही. एक बाब मात्र टोचणारी आहे. तेथील माहिती अधिकाराचा कायदा ट्रस्टला सर्वच कामांसाठी लागू होत नाही, तो जुन्या संस्थेकडून आलेल्या वैधानिक कार्यांपुरताच लागू होतो. उद्या आपल्याकडे एखादी खाडी न्यासाच्या किंवा कंपनीच्या हाती द्यायची ठरली, तर ग्रामसभेने पहिला प्रश्न याबद्दल विचारावा.

आता आपण काय करावे? मूळ परवाना, त्याच्या अटी आणि नूतनीकरणाच्या नोंदी यांच्या प्रमाणित प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागवाव्यात. काठावरील सरकारी जमिनीतून पाण्यापर्यंत जाण्याच्या वाटेवर वहिवाटीने हक्क सांगायचा असेल, तर सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याचा हक्क) अधिनियमानुसार २० नव्हे, ३० वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो. त्यासाठी जुन्या पावत्या साक्षीपुराव्याला बळ देतील. दावा करण्याची वेळ आलीच, तर राज्य शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी आणि बोर्डाला नोटीस देताना बोर्डाचा स्वतःचा कायदा वाचावा. चुकीच्या संस्थेला नोटीस गेल्याने चांगले दावे रखडतात.

प्रश्न : जलमार्ग केंद्राच्या नियंत्रणात गेला, तर खाडीतील रेतीचे स्वामित्वधन (रॉयल्टी) कोणाचे? — एक वाचक, तालुका खेड

उत्तर : राज्याचे. साधी रेती हे गौण खनिज असून त्याच्या परवान्यांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या कलम १५ ने राज्य शासनाला दिला आहे. नौकामार्ग खोल ठेवण्यासाठी गाळ उपसणे हे नौवहनाचे काम आहे, पण उपसलेली रेती विकायची असेल तर महसूल खात्याची वाट चुकवता येत नाही.