झटका कुंपण : खाऱ्या वाऱ्यात कोणती तार?

प्रश्न : देवगडजवळ सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची चार एकर जागा आहे, समुद्राला अगदी लागून. गाई-म्हशी आत राहाव्यात म्हणून झटका मशीन लावायचं आहे. दुकानदार म्हणतो स्टेनलेस घ्या, गंजत नाही. भाऊ म्हणतो तांबं, वीज त्यातूनच उत्तम जाते. शेजारी अॅल्युमिनियम सुचवतात. काय घ्यावं?

उत्तर : जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी तारच घ्या, पण थर किती ते विचारून. तिघांचाही सल्ला वीज आणि गंज यांपैकी एकाच गोष्टीकडे बघून दिलेला आहे.

चार एकरांत वीज पोचण्याची चिंता फारशी नसते. बांध वेडावाकडा धरून घेर ६०० मीटर होईल. २.५ मिमी (साडेबारा गेज) लोखंडी तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) किलोमीटरला सुमारे ३५ ओहम, म्हणजे तुमच्या घेराला २१. जनावराच्या अंगाचा रोध हिशोबाला ५०० ओहम धरतात. त्यापुढे २१ म्हणजे दर्यात खसखस. तेव्हा तांब्याने मिळणारा फायदा जनावराला कळणारही नाही. शिवाय तांबं ताणलं की लांबतं, चोरीला जातं, आणि जीआयला जिथे टेकेल तिथलं जस्त खाऱ्या दमटपणात भराभर खातं. अॅल्युमिनियम हलकं आणि उत्तम वाहक, पण म्हैस रेलली की तार सैल पडते, आणि लोखंडी क्लॅम्पजवळ अॅल्युमिनियमच झिजतं.

स्टेनलेस गंजाला खरोखर चांगलं, पण कुंपणासाठी बहुधा बारीक तार दिली जाते. १.२ मिमीची ६०० मीटर तार म्हणजे जवळपास ३८० ओहम. पावसात गवत टेकून ५०० ओहमची गळती झाली, तर ४० टक्क्यांहून अधिक दाब (व्होल्टेज) वाटेतच संपतो.

म्हणून २.५ मिमी हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारी) जीआय, जस्त चौरस मीटरला साधारण २४० ग्रॅम. जस्त-अॅल्युमिनियम मिश्र थराची मिळाली तर किनाऱ्याला ती अधिक टिकते. बाजारातल्या साध्या तारेवर थर कितीतरी पातळ असतो. चमक दोन्हींची सारखीच. तुकडा पेन्सिलीभोवती गुंडाळून बघा, जस्ताचे पापुद्रे सुटले तर बंडल परत करा.

किलोला सुमारे २६ मीटर तार येते. सड्यावर तीन ओळी लावा, ४५, ७५ आणि १०५ सेंटिमीटरवर. वरची-खालची चालू (झटक्याची), मधली अर्थची, म्हणजे अर्थिंगच्या सळ्यांना जोडलेली. १८०० मीटरला ७० किलो, जोड आणि ताण धरून ७५ घ्या. मधली तार अर्थला का, तर उन्हाळ्यात कातळ कोरडा ठणठणीत असतो. जमिनीतून वीज मशीनकडे परतत नाही, झटका बसत नाही, आणि लोक मशीनला दोष देतात. मधली तार ही परतीची वाट देते.

अर्थिंगच्या जीआय सळ्या तीन, प्रत्येकी १.८ मीटर, एकमेकींपासून ३ मीटरवर. कातळात त्या शिरणार नाहीत, म्हणून विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ठोका, तिथे बारा महिने ओल असते. घराच्या अर्थिंगपासून मात्र १० मीटर दूर. मशीन ते सळी तार जीआयचीच. इथे तांब्याची पट्टी जोडली की पुन्हा तेच तांबं-जस्ताचं भांडण.

किनाऱ्याला कुंपण बिघडतं ते बहुधा जोडावर. नुसता पीळ दिला की पेडांत खार साचतो, गंज धरतो, रात्री निळी ठिणगी आणि चटचट आवाज येतो. गाठ मारून वर जीआय क्लॅम्प घट्ट करा. फाटकाखालून घरगुती वायरिंगची वायर नेऊ नका. तिचं वेष्टन इतक्या दाबाचं नसतं, ६-८ हजार व्होल्टला फुटतं. कुंपणाचीच हाय व्होल्टेज केबल पाइपातून न्या, पाइपाची टोकं खाली वळवा.

एप्रिल-मेमध्ये इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, पहाटेच्या दवाने ओला होतो आणि दाब गळतो. मशीन बंद करून गोड्या पाण्याने धुवा. दूरच्या टोकाला मीटरवर ३००० व्होल्टच्या खाली आलं की गळती शोधायला लागा.

प्रश्न : भातकापणीनंतर मळ्यात गुरं झटका कुंपणात ठेवून चारायची आहेत. गुंडाळता येणारी पॉलीवायर (धातूचे तंतू विणलेली प्लास्टिकची दोरी) चालेल का? (गुहागर तालुका)

उत्तर : चालेल, २०० मीटरच्या आत. ०.२ मिमीच्या सहा स्टेनलेस तंतूंच्या दोरीचा रोध किलोमीटरला ३५०० ओहमहून जास्त असतो. कल्हई केलेल्या तांब्याचे तंतूही असलेली घ्या. कल्हई नसेल तर हिरवी पडते. जोडताना प्लास्टिक सोलून तंतू तंतूंना पिळा. नुसती प्लास्टिकवर गाठ मारली की वीज नीट पुढे जात नाही. आतला तंतू तुटला तरी बाहेरून दिसत नाही, म्हणून दर वेळी टोकाला मीटर लावा.

प्रश्न : जुनी काटेरी तार आहे. तिलाच मशीन जोडलं तर?

उत्तर : अजिबात नको. झटका बसलेलं जनावर मागे सरायला हवं. काट्यात अडकलं तर दर सेकंदाला झटके खात राहतं. माणसाचंही तेच. काटेरी तार तशीच ठेवून तिच्यापासून किमान १५० मिमी अंतरावर, लांब दांडीच्या इन्सुलेटरवर साधी तार ओढा. आणि मशीनशिवाय घरची २३० व्होल्टची लाइन तारेला सोडणं म्हणजे सापळाच, तो कोणाचाही जीव घेईल.