पाळणा लांबवला तर देव रागावतो का?

या वेळी आलेली पत्रं बघितली तर जवळपास सगळी एकाच विषयावरची आहेत, मूल कधी, किती, आणि ते आपण ठरवायचं की देवावर सोडायचं. चर्चमध्ये या विषयावर उघडपणे कोणी बोलत नाही आणि मग माणसं एकटी कुढत बसतात, म्हणून सगळी जागा यालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न : मी कॅथलिक, नवरा प्रॉटेस्टंट घरातला. दोन मुलं आहेत. दुसऱ्याच्या वेळी सिझेरियन झालं, रक्त थांबेना, मी थोडक्यात वाचले. डॉक्टर म्हणतात आता तिसऱ्याचा विचार नको, पुढेही विचारल्याशिवाय नको. त्यात पाळीला अंगावरून इतकं जातं की त्यासाठी गोळ्या चालू केल्यात, त्याच ज्या मूल होऊ नये म्हणून देतात. सासूबाई म्हणतात देणारा देव आहे, अडवणारे आपण कोण. माझ्या चर्चमधल्या एका बाईंनी सांगितलं गोळी म्हणजे पापच. चार महिने झाले मी मिस्सेला जाते पण कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, न घेता जागेवर बसून राहते. नवरा म्हणतो कंडोम वापरू, आमच्या चर्चला चालतं. मला काहीच सुचत नाहीये.

उत्तर : ताई, आधी त्या चार महिन्यांबद्दल बोलते कारण तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तुमच्याच चर्चचा या विषयावरचा सगळ्यात कडक समजला जाणारा दस्तऐवज म्हणजे पोप सहावे पॉल यांनी 25 जुलै 1968 ला काढलेलं ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक, आणि त्याच्या 15व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की आजार बरा करायला लागणारा उपचार, त्याने गर्भधारणा थांबणार हे आधीच माहीत असलं तरीसुद्धा, चर्च निषिद्ध मानत नाही. अट एवढीच की गर्भधारणा थांबवणं हा उपचाराचा मूळ हेतू नसावा. रक्तस्रावासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी यात बसते. आता तुमच्यासारखी प्रामाणिक बाई लगेच विचारेल की पण दिवस राहणार नाहीत म्हणून मला मनातून हायसं वाटतं त्याचं काय, तर हायसं वाटणं वेगळं आणि त्यासाठीच गोळी घेणं वेगळं. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईला हायसं वाटणारच. मन अजून खात असेल तर कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जा आणि फादरना गोळी कशासाठी चालू आहे ते आजारासकट पूर्ण सांगा, नुसतं ‘मी गोळी घेते’ एवढंच नको. पण कम्युनियनपासून स्वतःला असं तोडून ठेवू नका, प्लीज.

आता सासूबाईंचं वाक्य. त्या प्रेमानेच म्हणत असतील, पण ‘देव देईल तेवढी होऊ द्यायची’ ही कॅथलिक शिकवण नाहीये, ही खूप पसरलेली समजूत आहे. त्याच परिपत्रकाच्या 10व्या परिच्छेदात जबाबदार पालकत्वाबद्दल लिहिलंय, गंभीर कारण असेल तर काही काळ किंवा अनिश्चित काळ पुढचं मूल नको असं ठरवणंही त्यात येतं. त्याआधी 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, म्हटलं होतं की हा निर्णय शेवटी नवराबायकोनेच देवासमोर घ्यायचा. सासूने नाही, शेजारच्या बाकावरच्या बाईंनी नाही. आणि पोप फ्रान्सिस तर जानेवारी 2015 मध्ये मनिलाहून रोमला परतताना विमानात पत्रकारांना म्हणाले होते की चांगलं कॅथलिक व्हायला सशांसारखी मुलं काढायला लागतात असं काहींना वाटतं, तसं नाहीये. त्याच वेळी त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली, सात सिझेरियन झालेली आणि आठव्यांदा गरोदर, तिला त्यांनी विचारलं होतं की सात लेकरं पोरकी करायची आहेत का, ही देवाची परीक्षा बघणं झालं. ताई, हे सासूबाईंना वाचून दाखवा, भांडायला म्हणून नको, शांतपणे.

राहिला नवऱ्याचा मुद्दा, म्हणजे उपाय कोणता. इथे तुमची दोन चर्चेस खरंच वेगळी आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ‘त्यांचं ढिलं, आपलं कडक’ असं मात्र समजू नका. 1930 पर्यंत या विषयावर जवळजवळ सगळे ख्रिस्ती एकाच बाजूला, म्हणजे असे उपाय वापरण्याच्या विरोधात होते, प्रॉटेस्टंट चळवळ उभी करणारे लूथर आणि कॅल्व्हिनसुद्धा. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात ओनान मेलेल्या भावाच्या बायकोकडे, तामारकडे, जातो पण तिला दिवस राहू नयेत म्हणून वीर्य जमिनीवर सांडतो, ती गोष्ट ते याच अर्थाने वाचायचे. (माझं मत विचाराल तर त्या गोष्टीतला मोठा अपराध तामारला फसवण्याचा आहे, मेलेल्या भावाचा वंश चालवायचा नव्हता तर तसं सांगायचं, तिच्याकडे जायचंही आणि तिचा हक्कही मारायचा हे काय. पण जुन्या शिक्षकांनी दोन्ही अपराध धरले हे खरं.) मग 1930 च्या ऑगस्टमध्ये अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेत 193 विरुद्ध 67 मतांनी ठराव झाला की मुलं मर्यादित ठेवायचं स्पष्ट नैतिक कारण असेल तर संयम हा पहिला मार्ग, पण तो नाकारायलाही तसंच योग्य कारण असेल तर दुसरे उपाय चालतील, फक्त स्वार्थ, चैन किंवा निव्वळ सोय हे कारण नको. पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चेस त्याच वाटेने गेली. आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, पोप अकरावे पायस यांनी उलट बाजूचं परिपत्रक काढलं.

वाद नेमका कुठे आहे बघा. कॅथलिक शिकवण म्हणते नवराबायकोची प्रत्येक जवळीक जीवनासाठी खुली असली पाहिजे, प्रेम आणि जन्म या दोन गोष्टी आपण हाताने वेगळ्या करायच्या नाहीत. प्रॉटेस्टंट बाजू म्हणते की सगळं लग्न मिळून खुलं असलं पाहिजे, प्रत्येक रात्रीचा हिशोब नको. 1966 मध्ये याच विषयावर पोपनीच नेमलेल्या आयोगातल्या बहुसंख्य सदस्यांचाही कल दुसऱ्या बाजूला झाला होता, पण सहाव्या पॉलनी तो मानला नाही. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं आळशीपणाचं नाहीये आणि तुमची भीतीही वेडगळ नाहीये.

मला काय वाटतं ते सांगते. सध्या गोळी चालू आहे ती औषध म्हणून, ती चालू असेपर्यंत हा प्रश्न तुमच्या दारात तसा उभाच नाहीये. ती बंद करायची वेळ येईल तेव्हा नैसर्गिक पद्धत, म्हणजे दिवस राहण्यासारखे दिवस ओळखून तेव्हा थांबायची, नीट शिका, पण पुस्तक वाचून नको, शिकवणाऱ्या माणसाकडून, दोघांनी. आणि डोळे उघडे ठेवून शिका, रोजच्या वापरात या पद्धतींनी वर्षाला शंभरातल्या 2 ते 23 बायकांना दिवस राहतात, पद्धत कुठली आणि पाळता किती काटेकोर यावर ते ठरतं. (कंडोमचाही आकडा 13 च्या आसपास आहे, तोही काही चिलखत नाही.) तुमच्या बाबतीत चुकलं तर जिवाशी गाठ आहे, म्हणून डॉक्टरांकडे नवऱ्याला सोबत न्या आणि तो धोका त्याला स्वतःच्या कानाने ऐकू दे. एवढं सगळं करून, प्रार्थना करून, फादरांशी बोलून तुमची सदसद्विवेकबुद्धी वेगळीकडे गेली तर 1968 मध्ये कॅनडाच्या बिशपांनी लिहिलेलं आठवा, की जो माणूस प्रामाणिकपणे प्रयत्न करून आपल्याला योग्य वाटणारा मार्ग निवडतो तो शुद्ध विवेकाने निवडतो. त्या निवेदनावर नंतर खूप टीका झाली हेही सांगायला हवं. पण ज्या बाईने चार महिने कम्युनियन घेतलं नाही ती पळवाट शोधतेय असं कोणी मला सांगू नये.

प्रश्न : लग्नाला तीन वर्षं झाली, आम्ही दोघं प्रॉटेस्टंट. कॅथलिक मित्र म्हणतो ते तारखा बघतात, आम्ही कंडोम वापरतो. मूल दोघांनाही सध्या नकोय, मग फरक काय? आणि कॉपर टी गर्भपात करते हे खरं का?

उत्तर : फरक आहे की नाही यावर मोठमोठे लोक भांडलेत, मी मित्राची बाजू त्याच्या शब्दांत मांडायचा प्रयत्न करते. बीज बाहेर पडल्यावर साधारण 12 ते 24 तास जगतं आणि पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं, म्हणजे दर महिन्यात दिवस राहण्यासारखे दिवस साधारण सहाच. मित्र म्हणतो ते सहा दिवस आम्ही थांबतो, शरीर देवाने जसं केलंय तसंच ठेवतो, त्यात काही मोडत नाही. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात ऐकणाऱ्याला माहिती मिळत नाही हे सारखंच, तरी दोन्ही एक नाहीत ना, तसं. हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. तुमची बाजू म्हणते की हेतू दोघांचा तोच आहे आणि देव हेतू बघतो, यातही दम आहे.

पण दोघांनाही लागू होणारी एक गोष्ट सांगते. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या पुस्तकातच लिहिलंय की मुलांमध्ये अंतर ठेवायची इच्छा स्वार्थातून आलेली नाही ना हे जोडप्याने तपासायचं. म्हणजे तारखा बघूनही माणूस मनाचं दार कडी लावून बंद करू शकतो, आणि कंडोम वापरणाऱ्या घरात चुकून दिवस राहिले तर त्या बाळाला आनंदाने घेणारी माणसं मी पाहिली आहेत. एकदा दोघांनी शांत बसून विचारा की उद्या टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आपल्या तोंडून पहिला शब्द काय निघेल. आणि तो विचारताना बायकोचं उत्तर आधी ऐका, कारण पोटात तिला वाढवायचंय. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायात लिहिलंय तेही आठवा, दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने. हे एकाने दुसऱ्यावर लादायचं काम नाही, ना थांबणं ना मूल.

कॉपर टीबद्दल, तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं आणि बहुतेक वेळा फलन होतच नाही, हे तिचं मुख्य काम. कधीतरी फलित बीज रुजू न देण्याचाही परिणाम होत असावा अशी शंका असल्यामुळे, फलनापासूनच जीव धरणारे बरेच ख्रिस्ती ती टाळतात. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने 2000 सालच्या आपल्या सामाजिक भूमिकेत हीच रेषा ओढलीय, गर्भ पाडणारे उपाय गर्भपाताच्या रांगेत, बाकीचे तसे नाहीत, पण स्वार्थापोटी मूल नाकारणं तिथेही पापच धरलंय. तुमच्या मनात शंका असेल तर दुसरे उपाय आहेत, शंका घेऊन जगू नका.

प्रश्न : दोन महिन्यांनी लग्न आहे, कॅथलिक विधीने. त्याला मूल कधीच नकोय, मला हवंय. तो म्हणतो वेदीसमोर विचारतील तेव्हा हो म्हणून टाकू, नंतर बघू.

उत्तर : नका म्हणू. तिथे विचारतात की देवाने दिलेली लेकरं प्रेमाने स्वीकाराल का, आणि हा फॉर्मवरचा टिक मार्क नाहीये. मनात मूल कायमचं नाकारून वरवर हो म्हटलं तर चर्चच्या कायद्याप्रमाणे, कलम 1101, ते लग्नच अवैध ठरू शकतं. आत्ता नको असं तो म्हणत असता तर मी वेगळं लिहिलं असतं, वर लिहिलंच आहे. पण त्याचं ‘कधीच नाही’ आणि तुमचं ‘हवंय’ यातून कोणीतरी एक आयुष्यभर गिळून बसणार, आणि ‘नंतर बघू’ म्हणणारा आपलं मत बदलेल ही आशा बहुतेक तुमच्याच वाट्याला येणार. फादरांना तारखेआधी भेटा, दोघं मिळून. पत्रिका वाटून झाल्या असल्या तरी.

प्रश्न : नऊ वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. गेल्या रविवारी उपदेश 127व्या स्तोत्रावर होता, मुलं म्हणजे बाण, ज्याचा भाता त्यांनी भरलेला तो धन्य. मी मध्येच उठून बाहेर गेले. आम्हाला देवाने काय म्हणून वगळलं?

उत्तर : तुम्हाला वगळलेलं नाही, आणि बाहेर गेलात यात काही चुकलं नाही. त्या स्तोत्रात मुलं ही देणगी म्हटलंय, आणि देणगी न मिळणं म्हणजे शिक्षा असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. कॅथलिक कायद्यातही वंध्यत्वामुळे लग्न थोडंही कमी वैध होत नाही. तुमच्या घराचं दार सताड उघडं आहे, नऊ वर्षं उघडं आहे, याहून खुलं असणं मला माहीत नाही. उपचारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत म्हणून फक्त एवढंच, टेस्ट ट्यूबला कॅथलिक चर्चचा 1987 पासून स्पष्ट नकार आहे, प्रॉटेस्टंटांपैकी बरेच ती स्वीकारतात पण उरलेल्या भ्रूणांचं काय हा प्रश्न त्यांनाही सतावतो, तेव्हा पाऊल टाकायच्या आधी हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि हन्नाची गोष्ट पुन्हा वाचा, 1 शमुवेल, पहिला अध्याय. मंदिरात ती इतकी रडत होती, ओठ हलत होते पण आवाज नव्हता, आणि याजक एलीला वाटलं ही दारू प्यायलीय. देवाच्या घरात बसलेल्या माणसालाही तिचं दुःख ओळखता आलं नाही. पण तिने त्याला तिथल्या तिथे सांगितलं की मी प्यायलेले नाही, मी माझं मन परमेश्वरापुढे ओततेय, आणि मग त्याने आपला शब्द बदलून तिला आशीर्वाद दिला. तुमच्या पाळकांनाही बहुतेक माहीत नसेल की रविवारी कोण उठून गेलं आणि का. या आठवड्यात त्यांना भेटून सांगा. एकटीला जड जात असेल तर हे पत्रच छापलेलं त्यांच्या हातात द्या.