डीव्हीडी ड्राइव्ह बंद, विंडोज उघडत नाही : जुना लॅपटॉप पुन्हा कसा चालू करावा?

प्रश्न : २०१२ सालचा लॅपटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. महिनाभरापासून सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे घेतो, मध्येच निळा पडदा येतो, तर कधी ‘ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही’ असे लिहून येते. डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर येतो, पण सीडी वाचत नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, आतला डेटा राहणार नाही. आत मुलीच्या लग्नाचे फोटो आणि दुकानाचा चार वर्षांचा हिशेब आहे. काय करावे? — एक वाचक, भोकरदन (जि. जालना)

उत्तर : आधी एक विनंती. फॉरमॅट मारू देऊ नका आणि हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत लॅपटॉप पुन्हा सुरूही करू नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे एकत्र आली की पहिला संशय हार्ड डिस्कवर घ्यायचा. डिस्कवरचा एखादा सेक्टर (डेटा साठवणारा छोटा कप्पा) वाचता आला नाही तर ती तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते. त्यात काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ विंडोज नुसते वाट पाहत बसते. असे शेकडो सेक्टर झाले की दहा मिनिटे सहज जातात. अशा डिस्कवर नवे विंडोज टाकले तर पंधरा दिवस बरे चालते, मग पुन्हा तेच सुरू होते, आणि फोटो तर गेलेले असतात.

दुसरी चूक म्हणजे ‘चेक डिस्क’ (विंडोजमधली डिस्क तपासण्याची सोय) चालवणे. बिघडत चाललेल्या डिस्कवर ते सगळा पृष्ठभाग वाचत सुटते, वर दुरुस्ती म्हणून लिहीतही जाते. त्यात डिस्क आणखी खचते आणि फायलींचे तुकडे होतात. डेटा बाहेर काढल्याशिवाय दुरुस्तीचे काहीही करायचे नाही.

डीव्हीडी ड्राइव्हची इथे गरजच पडत नाही. ८ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह आणि दुसरा एखादा चालू संगणक एवढे पुरते. पेनड्राइव्ह बिल असलेल्या दुकानातूनच घ्या. वर ६४ जीबी छापलेले आणि आत ८ जीबी असलेले बनावट पेनड्राइव्ह सर्रास मिळतात, आणि त्यावर टाकलेली फाइल अर्धी खराब निघते. त्या चालू संगणकावर विंडोजऐवजी चालणाऱ्या ‘लिनक्स मिंट’ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती उतरवून घ्या. फाइल साधारण ३ जीबीची आहे, म्हणजे मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये एका दिवसात उतरणार नाही. टोरंटने (तुकड्या-तुकड्यांनी फाइल उतरवण्याच्या पद्धतीने) उतरवली तर आज जिथे थांबली तिथून उद्या पुढे चालू होते. मग ‘रुफस’ हा संगणक सुरू करू शकणारा पेनड्राइव्ह बनवणारा मोफत प्रोग्राम उघडा, पेनड्राइव्ह निवडा, फाइल निवडा, विभागणी ‘एमबीआर’ (डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) ठेवा आणि ‘स्टार्ट’ दाबा. मध्ये तो लिहिण्याची पद्धत ‘आयएसओ’ की ‘डीडी’ असे विचारतो. आधी आयएसओ निवडा. पेनड्राइव्ह सुरू झालाच नाही तर दुसऱ्यांदा डीडीने बनवा. पेनड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाईल, हे ध्यानात ठेवा.

आता लॅपटॉप पूर्ण बंद असतानाच पेनड्राइव्ह लावा. यूएसबीची खाच निळी असेल तर ती सोडून काळी वापरा. बटण दाबल्याबरोबर बूट मेनूची (कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ थांबून थांबून दाबत राहा : डेल, लेनोवो, तोशिबा आणि एसरला एफ-१२, एचपीला एफ-९, आसुसला एस्केप. एसरमध्ये एफ-१२ चा मेनू मुळात बंद असतो. एफ-२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि तो ‘एनेबल्ड’ करा. यादीत पेनड्राइव्हच्या कंपनीचे नाव किंवा ‘यूएसबी एचडीडी’ दिसेल. ते निवडून एंटर करा.

मिंटचा पडदा उघडला की त्यावर ‘इन्स्टॉल’चे चिन्ह दिसते. त्याला अजून हात लावू नका. आत्ता मिंट पेनड्राइव्हवरून आणि रॅममधून चालले आहे, तुमच्या डिस्कवर त्याने काही लिहिलेले नाही. मेनूतून ‘डिस्क्स’ उघडा, ५०० जीबीची डिस्क निवडा आणि तिचा ‘स्मार्ट’ तक्ता (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) पाहा. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे बाद करून पर्यायी जागा दिलेले सेक्टर. ‘करंट पेंडिंग’ म्हणजे वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले. ही दुसरी संख्या शून्याच्या वर असेल तर डिस्क बदलायचीच. तिसरी ओळ ‘यूडीएमए सीआरसी एरर’, म्हणजे जोडणीवरून डेटा जाताना झालेल्या चुका. फक्त तीच वाढलेली असेल तर डिस्क बरी आणि जोडणी सैल असू शकते. तेव्हा डिस्क काढून कनेक्टर पुसून पुन्हा नीट बसवून पाहावी.

डेटा घेताना सगळी डिस्क एकदम ओढून टाकू नका. एका खराब फाइलवर कॉपी अडकते आणि मागचे सगळे राहून जाते. बाहेरची डिस्क जोडा आणि आधी सर्वांत मोलाचे घ्या : हिशेबाचे फोल्डर, मग लग्नाचे फोटो, मग ‘युजर्स’मधले डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. हिशेबाचा प्रोग्राम आपला डेटा कुठे ठेवतो ते आधी विचारून घ्या. टॅलीसारख्या प्रोग्रामचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्सच्या बाहेर स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. यूएसबी २.० वरून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १०० जीबीला जवळपास एक तास. एखादी फाइल अडली तर ‘स्किप’ करून पुढे चला.

अडणाऱ्या फायली फारच निघाल्या तर ‘डीडीरेस्क्यू’ (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम) वापरावे. ते आधी सहज वाचले जाणारे सगळे भाग उचलते आणि अवघड जागांकडे शेवटी वळते. कुठवर काम झाले त्याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा सुरुवातीपासून करावे लागत नाही. फक्त ती नकाशाची फाइल पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये न ठेवता बाहेरच्या डिस्कवर ठेवा, कारण बंद झाल्यावर मिंटमधले काही उरत नाही. ज्या डिस्कवर प्रत घ्यायची तिच्यात ५०० जीबीहून जास्त मोकळी जागा हवी. आज्ञा देताना आधी मूळ डिस्क आणि मग नवी, हा क्रम उलटा झाला तर होते-नव्हते ते जाईल. म्हणून दोन्हींचे आकार आणि मॉडेल ‘डिस्क्स’मध्ये पाहून कागदावर लिहून घ्या.

डिस्कमधून ठरावीक अंतराने टिक-टिक असा आवाज येत असेल तर यातले काहीच करू नका. तेव्हा आतले वाचणारे टोक गेलेले असते आणि चालू ठेवल्याने चकतीवर चरे पडतात. मशीन बंद करून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय ऐकला असेल तर विसरा. आत दव धरते.

डेटा सुरक्षित झाला की २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क; साटा हा जोडणीचा प्रकार) घ्या. दुकानात ‘एम-२’ नावाची पट्टीसारखी एसएसडी दाखवतील, ती तुमच्या मशीनला चालणार नाही. चार्जर काढा, बॅटरी काढा आणि चालू करायचे बटण १५ सेकंद दाबून धरा. खालचे झाकण उघडल्यावर डिस्क पत्र्याच्या चौकटीत बसलेली दिसेल. ती आधी कनेक्टरपासून आडवी मागे सरकवायची, मगच उचलायची. सरळ वर ओढली तर कनेक्टर मोडतो आणि तो मदरबोर्डवरचा असतो. चौकटीचे चार स्क्रू काढून एसएसडी त्याच चौकटीत बसवा. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड, एसएसडी ७ मिमी. चौकट नसेल तर सोबत मिळणारी प्लास्टिकची कड लावा, नाहीतर ती आत हलत राहते.

रॅम ४ ची ८ जीबी करता आली तर जरूर करा. तुमच्या मशीनला डीडीआर-३ प्रकारची रॅम लागते. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला मात्र १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते, हे त्या वाचकांनी लक्षात घ्यावे. बायोसमध्ये साटाची पद्धत ‘एएचसीआय’ आहे ना ते आताच पाहा. विंडोज टाकल्यावर ती बदलली तर निळा पडदा येतो.

आता काय टाकायचे? विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले आणि त्यावर चालणारे शेवटचे क्रोम १०९. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जबरदस्तीने टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण हिशेबाच्या मशीनवर त्या आम्ही सुचवणार नाही. फोटो, बँक, पत्रव्यवहार एवढ्यासाठी मिंटच ठेवा. २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट घेते. आता ते ‘इन्स्टॉल’चे चिन्ह दाबायला हरकत नाही. अर्ध्या तासात काम होते. बॅटरी मेलेली असेल तर चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावूनच बसा. मराठीसाठी कीबोर्डच्या मांडणीत इनस्क्रिप्ट मिळते. हिशेबाचा प्रोग्राम विंडोजचाच असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न : सेवा केंद्र चालवतो. बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन यामुळे विंडोजच हवे. विंडोज १० चा पेनड्राइव्ह केला; दुसऱ्या संगणकावर चालतो, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या यादीत दिसतच नाही. — एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : पेनड्राइव्ह ‘जीपीटी-यूईएफआय’ या नव्या पद्धतीने (जीपीटी ही एमबीआरच्या, यूईएफआय ही बायोसच्या जागी आलेली) बनला आहे आणि तुमचा लॅपटॉप जुन्या बायोसचा आहे. रुफसमध्ये ‘एमबीआर’ आणि ‘बायोस’ निवडून पुन्हा करा. मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने बनवलेला पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतो, ते आणखी सोपे. उलटही घडते : ‘या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, विंडोज टाकता येत नाही’ असे आले तर पेनड्राइव्ह यूईएफआयमधून सुरू झालेला असतो. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हची दोन नावे दिसतात, त्यातले ‘यूईएफआय’ न लिहिलेले निवडा. ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असे आले तर निळ्या खाचेतून काढून काळ्या खाचेत लावा. तरीही तेच आले तर उतरवलेली फाइल खराब आहे. रुफसमधल्या बरोबरच्या खुणेच्या बटणाने तिचा हॅश (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासण्याचा आकडा) मोजून मूळ हॅशशी ताडून पाहा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. विंडोज ७ च्या स्टिकरवरची की देऊन विंडोज १० सुरू करण्याची सवलत सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. पण याच मदरबोर्डवर आधी विंडोज १० रीतसर चालू झालेले असेल तर की मागितल्यावर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा. इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप ओळखले जाते. लोकांचे आधार आणि कागदपत्रे ज्या मशीनवरून जातात, त्यावर बाजारातले ‘क्रॅक’ विंडोज टाकू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : २००६ चा लॅपटॉप. १ जीबी रॅम. बायोसमध्ये यूएसबी हा पर्यायच नाही. — एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावा आणि तिथेच त्यावर ३२ बिटचे ‘अँटिएक्स’ लिनक्स टाका. त्या संगणकाची स्वतःची डिस्क आधी काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) चुकून तिच्यावर बसतो आणि दोन्ही मशीन अडतात. काढलेल्या डिस्कला पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ती आयडीई या जुन्या जोडणीची, ४४ पिनांची. साटाची केबल तिला बसणार नाही. दुसरा रस्ता नेटवर्क बूटचा, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने सुरू करण्याचा. तो लॅनच्या वायरनेच होतो, वाय-फायने नाही. एवढे करूनही १ जीबीवर आजच्या वेबसाइट उघडताना मशीन दमते. लिहिण्यापुरते किंवा गाणी ऐकण्यापुरते उत्तम. यावर पैसे मात्र खर्च करू नका.

प्रश्न : एसएसडी टाकून वेग आला, पण दुपारी वीस मिनिटांत लॅपटॉप आपोआप बंद पडतो. घर जिनिंगजवळ आहे. तारीखही रोज मागे जाते. — एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : बंद पडणे तापण्याने होते. कापसाचे तंतू पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत साठून नमद्यासारखा थर होतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट घट्ट बसतो. पंखा उघडून थर चिमट्याने सोलून काढा. ब्रश किंवा ब्लोअर वापरताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने भिरभिरला की बेअरिंग जाते. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंवर १ ते ४ आकडे असतात. सैल करताना आणि आवळताना त्या क्रमाने थोडे-थोडे फिरवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाऐवजी चष्म्याच्या कापडाने. नवी पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी पुरे. जिथे मऊ पॅड होता तिथे पॅडच लावा, ती फट पेस्टने भरत नाही. मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात, म्हणून कामात प्रोसेसर ८५ अंशांच्या आत राहिला तरी चांगले म्हणा.

तारखेचे कारण मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल. तारीख चुकली की बँकेच्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात, कारण प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी ताडली जाते. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायरसह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. नवा घेताना जुना सोबत न्या, कनेक्टर आणि लाल-काळ्या वायरची बाजू तीच आहे ना ते पाहा. पंखा उघडाल तेव्हाच हेही उरका, तेच झाकण दोनदा उघडावे लागणार नाही.