सामील, विलीन आणि संमती

प्रश्न असा आला आहे : "अनुवादात मी एक वाक्य लिहिलं होतं, '१९७५ साली जनतेच्या सहमतीने सिक्कीम भारतात विलीन झाले.' तपासणाऱ्यांनी 'सहमतीने' खोडून 'संमतीने' केलं आणि 'विलीन'भोवती गोल करून प्रश्नचिन्ह काढलं. सामील काय, विलीन काय, अर्थ एकच ना? आणि त्या मतदानाला सार्वमत म्हणायचं की जनमत कौल?"

अर्थ एकच नाही. तपासणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी बरोबर बोट ठेवलं आहे, आणि मला विचाराल तर 'झाले'लाही एक गोल करायला हवा होता.

आधी 'विलीन' घेऊ. 'ली' या धातूचा अर्थ चिकटणे, विरघळणे. लीन, तल्लीन, लय, विलय ही सगळी त्याचीच भावंडं. मिठाचा खडा पाण्यात टाकला की पाणी खारट होतं, पण तो खडा पुन्हा उचलून घेता येत नाही. निधनाच्या बातमीत 'अनंतात विलीन' म्हणतात ते म्हणूनच. जे विलीन होतं त्याचं वेगळं अस्तित्व संपतं.

'सामील' अरबी 'शामिल'वरून आला. सामील होणारा स्वतः उरतो. मिरवणुकीत सामील झालेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो. मराठीने या शब्दाला विभक्तीवर आणखी एक अर्थ दिला आहे. 'लढ्यात सामील झाला' म्हटलं की कौतुक असतं आणि 'शत्रूला सामील झाला' म्हटलं की फितुरी. सप्तमी जाऊन चतुर्थी आली की माणूस गुन्हेगार ठरतो.

आता हे शब्द संस्थानांना लावून पाहा. १९४७ साली संस्थानिकांनी सह्या केल्या त्या सामीलनाम्यावर. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारताकडे दिलेले होते. संस्थानातल्या आपल्या सार्वभौमत्वाला या दस्तऐवजाने बाधा येत नाही, असं एक कलमही त्यात होतं. विलीनीकरणाचा करार हा त्यानंतरचा आणि वेगळा कागद. त्यात राज्यकारभाराचा सगळा अधिकार सोडून दिलेला असे. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला आणि बडोदा १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात गेलं, तेव्हा संस्थान म्हणून त्यांचं अस्तित्व संपलं. तिथे 'विलीन' हाच शब्द नेमका आहे. म्हणजे एकच संस्थान आधी सामील झालं आणि दीड-दोन वर्षांनी विलीन झालं. या दोन शब्दांच्या मध्ये केवढं राजकारण घडलं, ते एकच शब्द दोन्हीकडे वापरला की दिसेनासं होतं.

'नामा' म्हणजे लेख, दस्त. करारनामा, जाहीरनामा, कबुलीनामा ओळखीचे आहेत. राजीनाम्यातलं 'राजी' मात्र आपण विसरलो. राजी म्हणजे खुशी, कबुली. जुन्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा कुळवाडी राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. आपला हक्क आपण खुशीने सोडतो आहोत, असं सांगणारा तो कागद.

सामीलनाम्यावरची खुशी एकट्या राजाची असे. प्रजेची तीच असेल असं नाही, आणि जुनागढमध्ये ते उघड झालं. तिथल्या नवाबाने १९४७ मध्ये पाकिस्तानात सामील व्हायचं ठरवलं. नोव्हेंबरात भारताने तिथला कारभार हाती घेतला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांना विचारलं. १,९०,८७० मतांपैकी पाकिस्तानच्या बाजूने ९१ पडली. राजाची सही एकीकडे, प्रजा दुसरीकडे. त्या सहीला 'जुनागढची संमती' म्हणणं भाषेच्या दृष्टीनेही खोटं ठरलं असतं.

इथून आपण संमतीवर येतो. 'सहमती' दोन पक्षांत होते. बैठक बसते, देवाणघेवाण होते आणि शेवटी दोघांचं एकमत होतं. 'अनुमती' वरचा खालच्याला देतो. 'संमती' ज्याच्यावर परिणाम होणार आहे तो देतो, आणि ती नाकारण्याचा हक्कही त्याचाच असतो. महाराष्ट्रात हा शब्द घराघरात पोचला तो १८९१ च्या संमतिवयाच्या वादात, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती कोणत्या वयापासून धरायची या वादात. संमतीला वय लागतं, समज लागते, ही गोष्ट त्या शब्दाला तेव्हापासून चिकटलेली आहे. सिक्कीमच्या जनतेने कुणाशी वाटाघाटी केल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे एक ठराव ठेवला होता. म्हणून सहमती नाही, संमती.

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदातही असाच एक शब्द जपून वापरलेला आहे. राज्याची सीमा किंवा नाव बदलायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाचं 'मत' मागवावं लागतं. संमती लागत नाही. मत विरुद्ध गेलं तरी संसद पुढे जाऊ शकते. अनुवादात तिथे कुणी 'संमती' लिहिलं, तर त्या एका शब्दाने सगळी घटना उलटी होईल.

सार्वमत आणि जनमत कौल यांतला मला मनापासून आवडणारा शब्द 'कौल' आहे. हाही अरबी, मूळ अर्थ शब्द, वचन. सरकार रयतेला अभय द्यायचं तो कौलनामा. पण कोकणात आणि गोव्यात कौल म्हटलं की आधी देऊळ आठवतं. माझ्या आजोळच्या देवळात गुरव फुलाच्या कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही अंगांना लावायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. मग सगळे गप्प. समईचा उजेड, ओल्या दगडाचा वास आणि सगळ्यांचे डोळे त्या कळ्यांवर. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. एकदा मामाने एका दमात विचारलं, "विहीर खणू का, आणि भावाचा वाटा देऊ का?" गुरवाने त्याला तिथेच थांबवलं. म्हणाला, "एका वेळी एकच इचारा. देव कशाक हो म्हणतलो?"

१६ जानेवारी १९६७ ला गोवा, दमण आणि दीवमध्ये जे मतदान झालं, त्याला मराठीत आणि कोकणीत जनमत कौल म्हणतात. प्रश्न एकच होता : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं? विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. इथे 'विलीन' शब्द दोन्ही बाजूंनी जाणून वापरला. गोवा भारतात होताच, सार्वभौमत्वाचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्राचा एक भाग होऊन विरघळायचं का, एवढंच विचारलं होतं आणि लोकांनी नाही म्हटलं. मी मराठीवर जीव टाकणारा माणूस आहे, पण ते 'नाही' मला पटतं, कारण ते नीट विचारलेल्या प्रश्नाचं नीट दिलेलं उत्तर होतं.

'जनमत कौल' मी गोव्यापुरताच ठेवीन. तिथे कायद्याचं नावच तसं होतं. 'जनमत चाचणी' आता निवडणुकीआधीच्या अंदाजांना म्हणतात, तो शब्द इथे आणू नये. बाकी सगळीकडे सार्वमत.

'सार्वभौम'बद्दल थोडंच. सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम, अशी पाणिनीय व्युत्पत्ती. म्हणजे जुना अर्थ चक्रवर्ती, इतर राजांच्या वर बसलेला. आजचा अर्थ बराच नम्र आहे : आपल्या भूमीत आपल्यावर कुणी नाही. युरोपीय महासंघात देश जातात ते या दुसऱ्या सार्वभौमत्वाचा काही भाग सगळ्यांबरोबर वाटून घेतात. म्हणून तिथे 'सामील'च लिहावं. नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ असं दोनदा नाही म्हटलं आणि देश बाहेर राहिला. ब्रिटन १९७३ ला आत गेला आणि जनतेला विचारलं १९७५ साली. म्हणजे प्रश्न 'जावं का'चा उरला नव्हता, 'राहावं का'चा झाला होता. २०१६ च्या सार्वमतानंतर तो बाहेरही पडला. विलीन झालेल्याला ते जमलं नसतं.

ही 'बाहेर पडता येतं का' कसोटी भारताच्या राज्यांना मात्र लावू नका. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की हा संघ घटकांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कुठल्याही घटकाला त्यातून फुटण्याचा हक्क नाही. इथे कसोटी दुसरी : नाव, सीमा आणि विधानसभा उरली का?

सिक्कीमची उरली. तिथे सामीलनामाही नव्हता. १९५० च्या तहाने ते संरक्षित राज्य होतं, मग पस्तिसाव्या घटनादुरुस्तीने सहयोगी राज्य झालं आणि छत्तिसाव्या दुरुस्तीनंतर १६ मे १९७५ ला बाविसावं राज्य. म्हणून 'समावेश' लिहा. सार्वमत १४ एप्रिलला झालं : ५९,६३७ बाजूने, १,४९६ विरुद्ध. विधानसभेचा ठराव होता १० एप्रिलचा, म्हणजे चारच दिवस आधीचा, आणि त्यात चोग्याल पद, म्हणजे तिथल्या राजाचं पद, रद्द करणं आणि भारताचा घटक होणं या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. राजा नको पण वेगळेपण हवं, असं म्हणणाऱ्याला शिक्का मारायला जागा नव्हती. दोन्ही प्रश्नांना वेगवेगळा होकारच आला असता, असं पुष्कळांना वाटतं, आणि तसं असेलही. माझ्या कानात मात्र तो गुरव बोलतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : '१९७५ साली, चोग्याल पद रद्द करून भारताचा घटक होण्याच्या ठरावाला सार्वमतात जनतेची संमती मिळाल्यावर, घटनादुरुस्ती करून सिक्कीमचा राज्य म्हणून भारतीय संघराज्यात समावेश करण्यात आला.' लांब आहे, पण सगळं आपोआप घडल्यासारखं भासवणारं 'झाले' गेलं, आणि संमती कशाला होती तेही वाक्यातच आलं.