जुना फोन हाती आला तर आधी फॅक्टरी रीसेट टाळ, आतले गेम पुसले जातील

कन्सोलवरच्या गाजलेल्या गेमच्या हरवलेल्या मोबाइल आवृत्त्या शोधायच्या आहेत ना? मग 'गेम सापडला' असं लगेच म्हणू नकोस. जावा फोनच्या, म्हणजे स्मार्टफोनआधीच्या साध्या फोनच्या काळात एकाच गेमच्या कितीतरी जार फायली (जावा गेमची गाठोडी) निघत, १२८×१२८ स्क्रीनसाठी एक, २४०×३२० साठी दुसरी. पहिलीत कधी संगीतच नसे, कधी टप्पे कापलेले असत. त्यामुळे एक जार मिळाली म्हणजे बाकीच्या मिळाल्या असं नाही. फाइल झिपसारखी उघड, आतल्या मॅनिफेस्ट नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये नाव, आवृत्ती, प्रकाशक दिसेल. मूळ फाइलचं नाव बदलू नकोस, चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा तिचा ठसा) मात्र आधी काढून ठेव.

खरी डोकेदुखी आय-मोड या जपानी मोबाइल इंटरनेट सेवेची. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे गेम फोनवरच उतरवले जात. तिथे नुसती जार पुरत नाही, सोबत जॅम (गेमची माहिती देणारी) आणि एसपी फायलीही हव्यात. एसपीमध्ये स्क्रॅचपॅडचा, म्हणजे गेमसाठी फोनमध्ये राखलेल्या जागेचा डेटा असतो आणि बऱ्याच गेमची चित्रं, आवाज तिथेच असतात. ती गेली तर जारचा नुसता सांगाडा उरतो. काही गेम सुरू होतानाच सर्व्हरला विचारतात, आणि सर्व्हर कधीचा बंद! असा गेम जाणकाराकडे सोपव, आणि फुगलेली बॅटरी असलेला फोन तर चार्जिंगला लावूच नकोस.

आयफोनचं वेगळंच. २०१७ च्या आयओएस ११ ने जुन्या धाटणीची ३२-बिट ॲप चालवणं थांबवलं, म्हणून जुनं उपकरण अपडेट करू नकोस.

सापडलेले जावा गेम चालवून बघायला सुरुवात जे२एमई लोडर या अँड्रॉइड ॲपवर कर, नोकियाच्या एन-गेज या गेमिंग फोनच्या गेमसाठी ईकेए२एल१ हा एम्युलेटर (जुन्या फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बघ.