अस्वलांची ‘लोकसंख्या’ आणि नामशेष

प्रश्न : ‘अमेरिकेत ग्रिझली अस्वलांची लोकसंख्या नामशेष होण्याच्या मार्गावर’ असं वाचलं. हे मराठी बरोबर आहे का?

नाही. भाषेच्या दोन चुका आहेत आणि वस्तुस्थितीची एक.

लोकसंख्या लोकांची असते. अस्वलांची, वाघांची, कासवांची नुसती संख्या. ‘पॉप्युलेशन’ला मराठीत एक शब्द पुरत नाही, कारण त्यात दोन अर्थ कोंबलेत : कोणता गट आणि किती. गटाला समूह म्हणा, ‘किती’ला संख्या. प्राण्याला धोका किती हे ठरवतानाही आधी समूह आखतात, मग त्यातली संख्या काढतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातला ग्रिझलींचा समूह हजाराच्या आसपास, मोन्टाना-आयडाहोतल्या कॅबिनेट-याक डोंगरांतला काही डझनांत. दोन्ही एकत्र धरले की लहानाची दैना मोठ्याच्या आकड्याखाली झाकली जाते.

संख्या काही डोकी मोजून मिळत नाही. चार-सहा झाडांना वेढून जमिनीपासून साधारण 50 सेंटिमीटरवर काटेरी तार ओढतात आणि मधल्या काटक्यांच्या ढिगावर गुरांचं कुजवलेलं रक्त नि माशांचं आंबवलेलं पाणी ओततात. वासाने आलेलं अस्वल तार ओलांडताना केस सोडून जातं. केसाच्या मुळातून डीएनए मिळतो; मूळ नसलं किंवा केस ओला राहिला की नमुना वाया. नमुना काढल्यावर काटा ज्योतीवर जाळला नाही, तर मागच्या फेरीचा केस पुढच्या फेरीच्या खात्यात जमा होतो. लहान पिल्लं तर तारेखालून बिनबोभाट सटकतात. तीच अस्वलं पुढच्या फेऱ्यांत किती वेळा सापडली, यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधतात. त्यातही आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषात फक्त प्रौढ, वीणक्षम प्राणी धरायचे : 50 च्या आत, 250 च्या आत, 1000 च्या आत अशा धोक्याच्या पायऱ्या.

असो. मुद्द्याचा शब्द ‘नामशेष’. कीर्तिशेष, स्मृतिशेष यांचा हा सख्खा भाऊ. संस्कृतात मेलेल्याला म्हणायचे : नाव तेवढं शेष. कॅलिफोर्नियाने 1911 मध्ये ग्रिझली अधिकृतपणे झेंड्यावर घेतलं आणि पुढच्या दीड दशकात ते तिथल्या रानातून संपलं. नाव आहे, चित्र आहे, अस्वल नाही. यापेक्षा चपखल नामशेष दाखवा!

मात्र जगातून संपलेल्याला नामशेष आणि एका प्रदेशातून गेलेल्यालाही नामशेष, ही सरसकट पद्धत मला साफ नामंजूर आहे. परिभाषा करणाऱ्यांनी इथे आळस केलाय. प्रदेशातून गेलेला पण अन्यत्र जिवंत, तो ‘अस्तंगत’. मावळलेलं पुन्हा उगवू शकतं. वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ कॅस्केड्समध्ये 1996 नंतर ग्रिझलीची खात्रीची नोंद नाही. 2024 मध्ये तिथे वर्षाला 3 ते 7 अस्वलं आणून सोडायची योजना मंजूर झाली. नामशेष प्राणी कुठून आणून सोडणार?

मग कॅलिफोर्नियाचं काय? तिथलं अस्वल पूर्वी स्वतंत्र उपजाती मानत, तेव्हा नामशेष बरोबर होतं. आता बरेच जण त्याला इतर ग्रिझलींच्या हॉरिबिलिस या उपजातीतच धरतात, म्हणजे माझ्याच नियमाने ते अस्तंगत. झेंड्याचं उदाहरण हातचं गेलं खरं. नियम मात्र मी सोडणार नाही. (हॉरिबिलिस, म्हणजे लॅटिनमध्ये ‘भयंकर’, हे 1815 चं शास्त्रीय नाव. ‘ग्रिझली’ म्हणजे करड्या टोकांच्या केसांचं. ते ‘भयंकर’ असं वाचून प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज ऑर्डने बिचाऱ्या अस्वलाची कायमची बदनामी केली.)

हो, मूळ वाक्य. तपकिरी अस्वल ही जाती आययूसीएनच्या जागतिक यादीत सर्वात कमी चिंतेच्या गटात आहे. ग्रिझली तिची उपजाती. अलास्का वगळून सलग अमेरिकेत ती 1975 पासून कायद्याने ‘थ्रेटन्ड’ आहे, त्याहून गंभीर ‘एन्डेंजर्ड’ नव्हे. यलोस्टोनचा समूह 2007 आणि 2017 मध्ये यादीतून काढला होता, दोन्ही वेळा कोर्टाने परत घातला. सलग अमेरिकेतली 1975 ची 700-800 अस्वलं आता सुमारे 2000 आहेत, म्हणजे ‘मार्गावर’ असलीच तर उलट दिशेने. छापायचं होतं ते असं : ‘सलग अमेरिकेतले ग्रिझलींचे समूह अजूनही धोक्याच्या यादीत’.