‘बसरा मोती’ : गावाचे नाव की मोत्याची जात?

बडोद्याच्या प्रसिद्ध सातपदरी हाराविषयी वाचताना नाशिकच्या एका वाचकांना प्रश्न पडला आहे की, ‘बसरा मोती’ म्हणजे बसऱ्याला निपजणारा मोती, की ती मोत्याची जातच आहे?

बसरा हे इराकमधील बंदर. मोती मात्र बहारीन आणि आसपासच्या आखाती समुद्रातील शिंपल्यांत सापडत, पाणबुडे ते वर काढत आणि व्यापाऱ्यांच्या हातून ते पुढे मुंबईच्या बाजारात येत. त्यामुळे मोत्याला चिकटलेले हे नाव उगमाचे नसून पेठेचे आहे. आपल्या जिल्ह्यातील येवल्याच्या मागावर विणलेली साडीही पैठणीच म्हणवते. फरक इतकाच की पैठणला ती पूर्वी खरोखर विणली जात होती, तर बसरा ही पहिल्यापासून पेठच होती.

पुढे अर्थ आणखी सरकला. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल संवर्धित, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम घडवून आणलेले ‘कल्चर’ मोती तयार केले. नंतर पूर्ण गोल मोतीही बाजारात आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखातातील मोत्यांचा धंदा बसला. तेव्हापासून ‘बसरा’ म्हणजे ‘कल्चरचा नव्हे तो’, असा अर्थ रूढ झाला. आज सराफ बाजारात कोणी हा शब्द वापरला, तर त्यातून दावा नैसर्गिकपणाचा आहे एवढेच समजावे. खात्री क्ष-किरण तपासणीने होते, शब्दाने नव्हे.

बडोद्याच्या हाराची मोहिनी या नैसर्गिकपणातच आहे. तो खंडेराव गायकवाडांच्या संग्रहातला. त्यांच्या पश्चात महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली ज्या मुलाला दत्तक घेतले, ते सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाण्याचे, त्यामुळे हा हार नाशिककरांना अगदीच परका नाही. मूळ सात पदरांतले निवडक ६८ मोती ओवलेला दुपदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला. इतक्या मोठ्या आणि एकमेकांशी जुळणाऱ्या नैसर्गिक मोत्यांची जोडणी करायची, तर असंख्य शिंपले उघडावे लागतात. किंमत आहे ती या दुर्मिळतेची.

‘सातपदरी’ आणि ‘सात सरांचा’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. ‘बसरा’ मात्र विशेषण म्हणून न बदलता वापरावे: बसरा मोती, बसरा मोत्यांची नथ. ‘बसऱ्याचे मोती’ व्याकरणाने बिनचूक असले, तरी त्यातून उगमाचा गैरसमज बळावतो, म्हणून मी ते टाळतो.